नुसत्या गट नंबरावर जमीन सापडत नाही: माइनक्राफ्टचे सीड शोधायचे कसे, वापरायचे कसे

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे साताऱ्याला आला होता. माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांच्या जगाचा गेम, आम्ही दोघं खेळतो: तो फोनवर, मी लॅपटॉपवर. एका व्हिडिओत त्याला झकास सीड, म्हणजे ज्यावरून गेम अख्खं जग घडवतो तो आकडा, मिळाला होता: उतरल्या उतरल्या समोर गाव, गावामागे चेरीची गुलाबी झाडी, वर बर्फाचा डोंगर. त्याने एकोणीस आकडे मोठ्याने वाचले, मी टाकले, आणि दोघांनी एकदमच जग उघडलं. डोंगर दोघांकडे तोच. नदीचं वळण तेच. चेरीची झाडीही जागच्या जागी. गाव मात्र फक्त माझ्याकडे. त्याच्या फोनवर त्या जागी नुसतं गवत आणि दोन मेंढ्या.

"मावशी, तू चीटिंग केलीस."

मी भूकरमापक आहे, म्हणजे जमिनी मोजणं हा माझा रोजचा धंदा. महिन्यातून चार माणसं तरी येऊन सांगतात, "मॅडम, गट नंबर ११२ आहे, काढा की नकाशा." अहो, पण गाव कुठलं? तालुका? ११२ नंबरचा गट गावोगाव असतो. सीडचंही अगदी हेच आहे. लोक नुसता आकडा एकमेकांना पाठवतात आणि मग जग वेगळं निघालं की पाठवणाऱ्याला शिव्या घालतात. आकड्याबरोबर तीन गोष्टी लागतात: एडिशन कुठली (गेमच्या दोन जाती आहेत, संगणकावरची जाव्हा आणि फोन वगैरेवरची बेडरॉक), व्हर्जन कुठलं आणि जगाचा प्रकार कुठला. चौथी म्हणजे जागेचे कोऑर्डिनेट, म्हणजे ती जागा नेमकी कुठे ते सांगणारे आकडे. पाठवणाऱ्याने एवढं लिहिलं असेल तर सीड वापरायचा, नाहीतर सोडून द्यायचा. माझा तरी हाच नियम आहे.

आकड्यात असतं काय

माइनक्राफ्टचं जग कोणी बसून आखलेलं नसतं. गेमला एक आकडा मिळतो. त्यावरून गणित चालतं आणि डोंगर, दरी, वाळवंट, गुहा सगळं ठरतं. बघताना वाटतं, कुठेही काहीही उगवलंय; पण तोच आकडा पुन्हा दिला की तीच दरी पुन्हा तिथेच. सगळं जग एकदम तयार होत नाही. तुम्ही चालाल तसे १६ बाय १६ ब्लॉकचे तुकडे तयार होतात, त्यांना चंक म्हणतात. एक ब्लॉक, म्हणजे गेममधला एक ठोकळा, एक मीटरचा. म्हणजे एक चंक २५६ चौरस मीटर, साधारण अडीच गुंठे. (सवय जात नाही.) जाव्हा एडिशनचं जग या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ६ कोटी ब्लॉक, म्हणजे ६०,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० आहे. तेव्हा कोणी "मी अख्खं जग पाहिलं" म्हणालं तर हसून सोडून द्या.

सीडचा आकडा उणेही असू शकतो. जाव्हामध्ये त्याची मर्यादा दोन्ही बाजूंना एकोणीस आकडी आहे, ९२२ पासून सुरू होणारी. उणे चिन्ह विसरलात तर दुसरंच जग. मी एकदा विसरले आणि चहूकडे समुद्र असलेल्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिले. एक झाडसुद्धा नाही. आणखी एक फसगत: फोनवरचे काही कीबोर्ड आणि मेसेजिंगची ॲप छोट्या उणे चिन्हाची लांब रेघ करून टाकतात. गेमला ती उणे वाटत नाही, मग तो सगळ्या आकड्याला शब्द समजतो. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आकड्यात स्वल्पविराम घातलेले असतील तरीही तेच. चिकटवल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला.

बरं, देवनागरी आकडे? जाव्हा एडिशनमध्ये चालतात. १२३ देवनागरीत टाका नाहीतर इंग्रजीत, जग एकच. मला हे कळलं तेव्हा उगीचच आनंद झाला होता.

"आई" लिहिलं तर काय होतं

सीडच्या चौकटीत आकडाच टाकावा असं नाही, शब्दही टाकता येतो. जाव्हा एडिशन त्या शब्दाचा आकडा करून घेते. कसा, ते हाताने करून बघण्यासारखं आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. "आ" चा २३१०, "ई" चा २३१२. पहिल्याला ३१ ने गुणायचं आणि पुढचं अक्षर मिळवायचं: २३१० गुणिले ३१ म्हणजे ७१,६१०, अधिक २३१२ म्हणजे ७३,९२२. झालं. सीड म्हणून "आई" टाइप केलंत काय किंवा ७३९२२ टाकलात काय, एकाच डोंगरावर उतराल. शब्द लांब असेल तर आलेल्या उत्तराला पुन्हा ३१ ने गुणायचं, पुढचं अक्षर मिळवायचं, असं शेवटपर्यंत. काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक असतात. "पुणे" केलं की ७,२२,४१,१७९ येतात. टाकताना अर्थातच स्वल्पविराम काढून.

यातून दोन गमती निघतात. एक, दोन वेगळ्या शब्दांचा आकडा एकच येऊ शकतो. "भू" आणि "मण" दोन्ही ७५१८९. आणि आमच्या जिव्हाळ्याचा "गट" करून पाहिला तर ७४४७२ आले. "खा" या शब्दाचेही ७४४७२ च. हे मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

दुसरी जास्त कामाची. शब्दातून निघणारा आकडा ३२ बिटांत बसवला जातो, म्हणून शब्दांनी कितीही नावं घातली तरी जास्तीत जास्त ४२९ कोटींच्या आसपासच जगं मिळतात. आकड्यांच्या जगांपुढे ही मूठभर. दुर्मीळ जागा हवी असेल तर आकडाच हवा. शिवाय मराठी शब्द एका कीबोर्डवर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने साठवला जातो. "तऱ्हा" मधला तो ऱ्ह बघा, दिसतो सारखाच, आत क्रमांक वेगळे असू शकतात. इंग्रजी नाव टाकलंत तर पहिलं अक्षर लहान की मोठं यानेही जग बदलतं. म्हणून शब्दाने जग काढलं तरी दुसऱ्याला देताना त्याचा आकडाच द्या.

तो मिळवायचा असा: जाव्हामध्ये चॅट उघडा, स्लॅश देऊन इंग्रजीत सीड एवढा एक शब्द लिहा आणि एंटर. हिरव्या अक्षरांत आकडा येतो, त्यावर क्लिक केलं की कॉपी होतो. एकट्याने खेळताना यासाठी चीट्स (आयत्या आज्ञा वापरायची मुभा) चालू असावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या सर्व्हरवर मात्र ऑपरेटरचा अधिकार लागतो. बेडरॉकमध्ये, म्हणजे फोन, टॅब, एक्सबॉक्स वगैरेवर, जगाच्या सेटिंगमध्येच सीड लिहिलेला सापडतो.

एडिशन आणि व्हर्जन: सगळी भांडणं इथली

आमच्या मेंढ्यांचं उत्तर एडिशनमध्ये होतं. माझी जाव्हा, भाच्याची बेडरॉक. १.१८ या व्हर्जनपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून, एका सीडला दोन्हीकडे डोंगर, नद्या, बायोम (वाळवंट, जंगल असे जमिनीचे प्रकार) जवळपास सारखे येतात. गावं, मंदिरं, जहाजांचे सांगाडे यांच्या जागा मात्र दोन्ही एडिशन आपापल्या हिशेबाने ठरवतात. जमीन एक, घरं वेगळी. व्हिडिओवाल्याने एडिशन सांगितली नसेल तर गावासाठी त्या सीडवर अजिबात विसंबू नका. डोंगरासाठी हरकत नाही.

व्हर्जनचा फटका मला त्याच्याही आधी बसला होता, आणि तो जास्त लागला. २०२० च्या पावसाळ्यात मी १.१६ मध्ये एक जग धरलं होतं. नदीच्या दोन फाट्यांमध्ये उंचवटा, तिथे घर, खाली उसासारखी बांबूची लागवड. पुढे लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि दुकानदाराने न विचारता सगळं पुसून परत दिला. मी म्हटलं, असू दे, सीड कागदावर लिहून ठेवलाय. नवं व्हर्जन उतरवलं, आकडा टाकला, आणि ओळखीचं काहीच नाही. नदी नाही, उंचवटा नाही. १.१८ ने जमीन घडवण्याची रीतच बदलली होती. जगाची उंची आधी ० ते २५६ होती, ती उणे ६४ ते ३२० झाली. कागदावर आकडा होता, व्हर्जन नव्हतं. मग लाँचरमध्ये, म्हणजे गेम चालू करायच्या ॲपमध्ये, जुनी व्हर्जनं एकेक लावून पाहिली (जाव्हामध्ये ही सोय आहे, बेडरॉकमध्ये नाही) तेव्हा कुठे फाटा सापडला. उंचवटा होता. घर अर्थातच नव्हतं. सीडमध्ये जमीन असते, बांधकाम नसतं. बॅकअप घ्यायचा तर जगाचा फोल्डरच कॉपी करून ठेवा.

चालू जग नव्या व्हर्जनमध्ये उघडलं तर पाहिलेले चंक पाहिलेल्या रूपातच राहतात, नवे चंक नव्या नियमाने होतात. १.२० मध्ये चेरीची झाडी आली. जुन्या जगात ती हवी असेल तर घराभोवती फिरून उपयोग नाही, जिथे कधी पाऊल टाकलं नाही तिकडे जायचं.

जगाच्या प्रकाराचं थोडक्यात: लार्ज बायोम (मोठमोठे बायोम) किंवा ॲम्प्लिफाइड (अवाढव्य डोंगर) निवडलं असेल तर तोच सीड वेगळं जग देतो. आणि जग बनवताना "जनरेट स्ट्रक्चर्स" (गावं, मंदिरं उभी करायची सोय) बंद राहिलं असेल तर गाव जन्मात सापडणार नाही.

आकडा, व्हर्जन आणि कोऑर्डिनेट हे त्रिकूट किती महत्त्वाचं, याचा सगळ्यात नामी दाखला गेमच्या मेनूमागे सावकाश फिरणारं ते जुनं चित्र. २०११ पासून लाखो लोकांनी ते पाहिलं, पण ती जागा कुठल्या सीडमधली ते कोणाला माहीत नव्हतं. माइनक्राफ्ट ॲट होम नावाच्या उपक्रमात हौशी लोकांनी आपापले संगणक गणिताला लावले आणि जुलै २०२० मध्ये सीड हाती लागला: २१५१९०१५५३९६८३५२७४५. व्हर्जन बीटा १.७.३. जागा एक्स ६१, झेड उणे ६८ च्या आसपास. आजच्या व्हर्जनमध्ये हा आकडा टाकून काही मिळायचं नाही. लाँचरमध्ये जुन्या व्हर्जनांची खूण चालू करा, बीटा घ्या, आणि तिथे इंग्रजी आकडेच टाका. मी गेले होते. मेनूत इतकी वर्षं पाहिलेल्या झाडांखाली उभं राहायला बरं वाटतं.

शोधायचा कसा

पहिली रीत आळशांची, आणि मला आवडणारी: चौकट रिकामी ठेवून जगं काढत बसायचं. आवडलं तर सीड लिहून घ्यायचा. दहातली आठ टाकाऊ निघतात, पण उरलेली दोन आपली असतात.

दुसरी, नकाशा पाहून. चंकबेस नावाची वेबसाइट आहे, फुकट. सीड टाका, एडिशन आणि व्हर्जन नीट निवडा (घाईत इथेच चुकतं), की बायोमचा रंगीत नकाशा आणि त्यावर गावं, मंदिरं, स्ट्राँगहोल्ड (जमिनीखालचे किल्ले) यांच्या खुणा येतात. नकाशात उत्तर दिशा वर असते. पण मोजणीवाल्यांनी सावध राहा: एक्स पूर्वेकडे वाढतो हे ठीक, झेड मात्र दक्षिणेकडे वाढतो. उत्तरेला जाताना झेड कमी होतो. पहिल्या आठवड्यात मी नकाशा वाचून नेमकी उलट दिशेला चालत होते आणि दोष वेबसाइटला देत होते. वाय म्हणजे उंची. सूर्य पूर्वेलाच उगवतो, एवढी कृपा आहे.

तिसरी रीत अटी घालून शोधण्याची. क्यूबायोम्स व्ह्यूअर हे संगणकावर चालणारं फुकट सॉफ्टवेअर जाव्हाच्या सीडसाठी आहे. "मध्यापासून ३०० ब्लॉकांत गाव, ५०० ब्लॉकांत चेरी" अशा अटी लिहायच्या आणि चहा करायला जायचं. अटी फार घातल्यात तर चहा काय, जेवणही होईल. मी दोनच घालते. पहिली गावाची. दुसरी दोन प्रकारचं लाकूड जवळ असण्याची, ओक आणि स्प्रूस, कारण एकाच लाकडाचं घर मला बघवत नाही. भाच्याला मशरूमचं बेट हवं असतं, तिथे राक्षस उगवत नाहीत म्हणून. खरं आहे, पण तिथे झाडंही नसतात. लाकडाशिवाय पहिला दिवस कसा काढणार ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

अटी घालताना गेमचा हिशेब माहीत असला तर हट्ट कमी होतो. गावांसाठी गेम जमिनीचे ३४ बाय ३४ चंकांचे चौकोन पाडतो आणि एका चौकोनात जास्तीत जास्त एक गाव ठेवतो. म्हणजे ५४४ मीटर बाजू, ७३ एकरांत एक गाव, तेही तिथे मैदान, वाळवंट, सॅव्हाना, टायगा असा योग्य बायोम आला तर. "पाच गावं एकमेकांना चिकटून" असा सीड कोणी विकायला बसला तर हा हिशेब आठवा. स्ट्राँगहोल्डचं जाव्हामध्ये असं: पहिली तीन जगाच्या मध्यापासून १२८० ते २८१६ ब्लॉकांच्या कड्यात असतात, त्याहून जवळ नाहीत. तिथे एंड नावाच्या जगात नेणारं दार असतं; त्याच्या बारा चौकटींपैकी प्रत्येकीत डोळा (दार उघडायला लागणारी वस्तू) आधीच बसलेला असण्याची शक्यता दहात एक. बाराही भरलेल्या सापडण्याची शक्यता एक लाख कोटींत एक. असे सीड लोकांनी गणिताने शोधून काढलेत, पण चालता चालता ते कोणाला सापडत नाहीत.

स्लाइम (उड्या मारणारे जेलीसारखे राक्षस) हवे असतील तर गंमत बघा: जाव्हात स्लाइमचे चंक सीडवरून ठरतात, बेडरॉकमध्ये मात्र सगळ्या जगांत तेच असतात. बेडरॉकवाल्यांनी त्यासाठी सीड शोधूच नये.

उतरण्याआधी पाहणी

सीड आवडला म्हणून लगेच सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळात, उडी मारू नका. आधी त्याच सीडचं क्रिएटिव्ह (जिथे उडता येतं, मरायची भीती नाही) जग काढा, चीट्स चालू ठेवून. आमच्यात मोजणीच्या आधी जागा बघून येतात, तसं. उडून चारी दिशांना ५०० ब्लॉक फिरा. स्लॅश लोकेट (जवळची जागा शोधायची आज्ञा) लिहून पुढे स्ट्रक्चर किंवा बायोम घ्या. टॅब दाबलं की यादी समोर येते. जाव्हामध्ये उत्तरात आलेल्या कोऑर्डिनेटवर क्लिक केलं की तिकडे उडी मारायची आज्ञा आयती तयार होते. नेदरमध्येही, म्हणजे गेमच्या पाताळातही, डोकावून या, तोही याच सीडचा. मग खरं जग काढा. आधीचं जग असेल तर जाव्हातलं "री-क्रिएट" बटण तोच सीड आणि त्याच सेटिंग घेऊन कोरं जग देतं, टायपिंगची चूकच नाही.

जाव्हात एफ-३ दाबलं की कोऑर्डिनेट दिसतात. बेडरॉकमध्ये सेटिंगमधून "शो कोऑर्डिनेट्स" चालू करा, त्याने अचीव्हमेंट (गेममध्ये मिळणारे बिल्ले) बंद होत नाहीत. चीट्स चालू केल्या तर होतात, आणि त्या जगापुरत्या कायमच्या. म्हणून पाहणीचं जग वेगळं आणि खेळायचं वेगळं. उतरण्याची जागा दहा-वीस पावलं इकडेतिकडे झाली तर घाबरू नका, चालतं तेवढं.

नकाशा आधी बघणं म्हणजे चीटिंग का? आमच्या घरात यावर दोन संध्याकाळी गेल्या. ठरलं ते असं: गाव आणि बायोम बघायचे, खजिन्याच्या खुणा बंद ठेवायच्या. मित्रांबरोबरच्या सर्व्हरवर सगळ्यांनी बघायचं, नाहीतर कोणीच नाही.

आता माझ्याकडे एक वही आहे, लांब पानांची. रकाने: सीड, एडिशन, व्हर्जन, जगाचा प्रकार, उतरण, खुणा आणि त्यांचे कोऑर्डिनेट, शेरा. मेंढ्यांच्या त्या जगाचीही नोंद आहे, दोन ओळींत, एक जाव्हाची, एक बेडरॉकची. नकाशात एडिशन बदलून पाहिली तेव्हा भाच्याचं गाव नदीपलीकडे निघालं, चारशे ब्लॉक दक्षिणेला, आणि माझ्या गावापेक्षा मोठं. तरी त्याच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं आहे: "मावशीचं गाव जवळ आहे. हरकत नोंदवली."